जुन्या गाडीचा मीटर बदलताय? आधी रीडिंग लिहा, मग पाना उचला



गॅरेज किंवा स्पेअर पार्ट्सचं दुकान टाकायचं ठरवलेले बरेच जण मला विचारतात, "सर, सुरुवात कुठल्या कामापासून करू?" इंजिन खोलायचं काम सगळ्यांना मोठं वाटतं, त्यात पैसाही दिसतो. पण माझं उत्तर ठरलेलं असतं. आधी छोटी कामं नीट शिका, आणि त्यात एक काम नक्की घ्या: जुन्या गाडीचा बंद पडलेला स्पीडोमीटर बदलणं.

व्हिडिओत मी हे काम हाताने करून दाखवलं आहे. पण व्हिडिओत हिशोब सांगायला वेळ पुरत नाही, आणि माझी स्वतःची एक चूकही सांगायची राहून गेली. म्हणून हा लेख. शेवटपर्यंत वाचा, कारण ती चूक तुम्ही करू नये एवढ्यासाठीच हे सगळं लिहितोय.

माझी चूक

दुकान सुरू करून मला वर्षच झालं होतं. बीबीए केलेलं, त्यामुळे ताळेबंद कळायचा, पण गॅरेजच्या कामातले खाचखळगे माहीत नव्हते. एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. जुनी १०० सीसीची गाडी, मीटर फुटलेला. मी नवीन मीटर बसवला, बिल केलं, "मीटर बदलला" एवढंच लिहिलं आणि पैसे घेतले. विषय संपला, असं मला वाटलं.

साताठ महिन्यांनी एक गृहस्थ दुकानात आले. शाळेत शिक्षक. ती गाडी आता त्यांच्याकडे होती. गाडी घेताना मीटरवर ४,००० किलोमीटरच्या आसपास आकडा होता. गाडी जुनी आहे पण फार पळालेली नाही, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. दोन महिन्यांत गाडी धूर मारायला लागली. इंजिन खोलल्यावर कळलं की पिस्टन आणि बोअर पार झिजलेत. कागदपत्रांच्या पाकिटात त्यांना माझं बिल सापडलं. ते शांतपणे एवढंच म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ना, की हा आकडा खरा नाही?"

मी कुणाला फसवलं नव्हतं. फसवणूक गाडी विकणाऱ्याने केली होती. पण जुना आकडा किती होता, हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. माझ्याकडे जॉब कार्ड नाही, फोटो नाही, काहीच नाही. गुरुजींना दाखवायला माझ्या हातात कागदाचा एक तुकडाही नव्हता. त्यांच्या इंजिनच्या कामाची मजुरी मी घेतली नाही. पण तो प्रश्न आजही कानात आहे. त्या दिवसापासून आमच्या दुकानात नियम झाला: मीटरचं काम असेल तर आधी रीडिंग लिहायचं, मग पाना उचलायचा.

मीटर चालतो कसा, हे आधी समजून घ्या

गिऱ्हाइकाला समजावून सांगता आलं, तरच तो पैसे आनंदाने देतो. त्यासाठी आपल्याला समजलं पाहिजे.

जुन्या गाड्यांमध्ये मीटर मेकॅनिकल असतो. त्याच्या वेग दाखवण्याच्या कामाचा बॅटरीशी संबंध नाही, बॅटरी लागते ती फक्त आतल्या लाईटला. पुढच्या चाकाच्या हबजवळ एक छोटा गियर असतो. गॅरेजमध्ये त्याला मीटर वर्म किंवा मीटर गरारी म्हणतात. चाक फिरलं की वर्म फिरतो आणि तो केबलची आतली तार फिरवतो. या तारेची दोन्ही टोकं बहुतेक गाड्यांत चौकोनी किंवा चपटी असतात, म्हणजे खाचेत बसल्यावर ती घसरत नाहीत. बाहेरचं काळं आवरण स्थिर असतं, आत तार गरागरा फिरते.

वर मीटरमध्ये ही तार एक लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची छोटी वाटी असते आणि वाटीच्या दांड्याला काटा. गंमत अशी की चुंबक आणि वाटी एकमेकांना टेकत नाहीत. चुंबक फिरला की वाटीत भोवरा प्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचत असते. वेग वाढला की ओढ वाढते आणि काटा पुढे जातो. गाडी थांबली की स्प्रिंग काट्याला शून्यावर आणते. या पद्धतीचं पेटंट जर्मनीच्या ओट्टो शुल्झे यांनी १९०२ मध्ये घेतलं होतं. शंभर वर्षांहून जुनी युक्ती, आणि आपल्याकडे लाखो गाड्यांवर अजून चालते!

किलोमीटरचे आकडे मात्र वेगळ्या वाटेने चालतात. त्याच तारेवरून छोट्या गियरच्या साखळीने आकड्यांच्या चकत्या फिरतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दोष शोधताना तीच कामाला येते.

मीटर बंद म्हणजे मीटर खराब, असं नाही

नवीन मेकॅनिकची सगळ्यात मोठी चूक हीच. गिऱ्हाईक म्हणालं "मीटर बंद", की हा थेट मीटर बदलतो. आमच्याकडे दूध घालणारे एक काका आले होते. त्यांनी दुसरीकडे तीन वेळा केबल बदलून घेतली होती. दर वेळी थोडे दिवस मीटर चालायचा आणि पुन्हा बंद. आमच्या दुकानातले जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी चाक काढलं आणि वर्म दाखवला. दात अर्धे झिजलेले. केबलचा काही दोषच नव्हता. काकांचे तीन केबलचे पैसे पाण्यात गेले होते.

म्हणून आधी लक्षण विचारा:

१. काटाही बंद आणि किलोमीटरही बंद: बहुतेक वेळा केबल तुटलेली असते, निसटलेली असते किंवा वर्म गेलेला असतो. मीटर चांगला असण्याची शक्यता जास्त.

२. किलोमीटर पळतात, पण काटा हलत नाही: केबल आणि वर्म ठीक. दोष मीटरच्या आत.

३. काटा चालतो, पण किलोमीटर अडकले: आकड्यांचे आतले गियर गेलेत. दोष मीटरच्या आतच.

४. काटा थरथरतो, वर-खाली नाचतो: केबल कोरडी पडली आहे, कुठेतरी जास्त वाकली आहे किंवा तुटायच्या बेतात आहे.

५. पुढून कर्रकर्र आवाज येतो: केबल किंवा वर्म ग्रीसअभावी कोरडा.

आता खात्री करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक जमिनीपासून उचला. मीटरच्या खालचा केबलचा नट सोडा आणि केबल बाहेर काढा. हाताने पुढचं चाक फिरवा आणि केबलच्या टोकाकडे बघा. तार फिरते? मग केबल आणि वर्म दोन्ही ठीक, दोष वर मीटरमध्ये. तार फिरत नाही? मग खालचं टोकही काढा आणि तार बाहेर ओढून बघा. तुटली असेल तर लगेच दिसेल. तार अखंड असेल, तर दोष वर्मचा.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. या पाच मिनिटांत तुम्ही गिऱ्हाइकाचे पैसे वाचवता, आणि तो पुढची दहा वर्षं तुमच्याकडे येतो.

मीटर बदलण्याची पद्धत

समजा तपासून नक्की झालं की मीटरच बदलायचा आहे. आता क्रमाने जाऊ. गाडीप्रमाणे स्क्रूची जागा थोडी बदलते, पण क्रम तोच राहतो.

पहिलं काम: रीडिंग. मोबाईलने जुन्या मीटरचा फोटो काढा. त्यानंतर नंबर प्लेटचा. गिऱ्हाईक समोर असतानाच जॉब कार्डवर आकडा लिहा आणि त्याची सही घ्या.

दुसरं: चावी बंद करा. हेडलाईटचा वायझर किंवा कव्हर सोडा. हेडलाईट वायरवर लोंबकळू देऊ नका, खाली कापड लावून आधार द्या.

तिसरं: मीटरच्या खालचा केबलचा नट सोडा. हाताने निघाला तर उत्तम. पक्कड लावावी लागली तर हलक्या हाताने, नटाचे दात मोडू नका.

चौथं: मीटरच्या लाईटचे होल्डर, इंडिकेटर आणि न्यूट्रलच्या वायरी, असेल तर पेट्रोल गेजचा कपलर. काढायच्या आधी फोटो काढा. वायरींचे रंग तोंडपाठ आहेत असं मामासुद्धा म्हणत नाहीत. कपलर काढताना वायर ओढू नका, कपलरचं तोंड धरून काढा.

पाचवं: मीटर धरून ठेवणारे नट सोडा. तिथे रबराचे बुश असतात. ते फेकू नका, तपासा. गाडीचे हादरे मीटरपर्यंत जाऊ नयेत म्हणून ते असतात. रबर कडक झालं असेल किंवा फाटलं असेल, तर नवीन घाला. नाहीतर नवीन मीटरचा काटाही थरथरेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, "मीटर डुप्लिकेट लावला."

सहावं: नवीन मीटर त्याच मॉडेलचा आहे का, हे बसवण्याआधी बघा. बाहेरून सारखे दिसणारे दोन मीटर आतून वेगळे असू शकतात. किलोमीटरमागे तारेच्या किती फेऱ्या, हे गणित मॉडेलप्रमाणे बदलतं. चुकीचा मीटर लावला तर वेगही चुकतो आणि किलोमीटरही.

सातवं: केबल जुनीच ठेवणार असाल, तर तार बाहेर काढून पुसा आणि हलकं ग्रीस लावा. पण वरची चार-पाच बोटं कोरडी ठेवा. तिथे ग्रीस लावलं तर तार फिरताना ते मीटरमध्ये चढतं आणि नवा मीटर खराब होतो. केबल नेताना ती गाईडमधूनच न्या, कुठेही जास्त वाकवू नका. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा, केबल ताणली जाता कामा नये.

आठवं: तारेचं टोक मीटरच्या खाचेत बसलं की मगच नट आवळा. बसत नसेल तर जबरदस्ती नको. चाक जरासं फिरवा, टोक आपोआप जागेवर येतं.

नववं: चावी चालू करून प्रत्येक दिवा बघा. न्यूट्रल, दोन्ही इंडिकेटर, हाय बीम, मीटरचा लाईट. मग चाक हाताने फिरवा, काटा हलतोय का बघा. सगळं झालं की कव्हर लावा.

दहावं: दोन किलोमीटर चक्कर मारा. मागे कुणाला तरी बसवा आणि त्याच्या मोबाईलवर जीपीएसचा वेग बघायला सांगा. चालवताना स्वतः मोबाईल हातात घ्यायचा नाही. मीटर जीपीएसपेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो, त्यात काही बिघडलेलं नाही, तो तसाच बनवलेला असतो. कमी दाखवत असेल तर मात्र थांबा, काहीतरी चुकलंय.

वर्म बदलायचा असेल तर

यात पुढचं चाक काढावं लागतं, म्हणजे ब्रेकशी संबंध येतो. इथे घाई अजिबात नको. ड्रम ब्रेकच्या गाडीत वर्म ब्रेक प्लेटमध्ये असतो. दोन गोष्टी कायम लक्षात ठेवा.

एक, वर्म फिरवणाऱ्या गियरचे कान हबच्या खाचेत नीट बसले पाहिजेत. तसेच न बसवता एक्सल आवळला, तर कान वाकतात आणि नवा गियर पहिल्याच दिवशी मोडतो.

दोन, आणि ही जीवाची गोष्ट आहे. ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या खालच्या ठोकळ्यात बसलीच पाहिजे. ती बसली नाही तर ब्रेक दाबल्यावर प्लेटच फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. एक्सल आवळल्यावर ब्रेक दाबून, सोडून, चाक फिरवून पाहिल्याशिवाय गाडी बाहेर द्यायची नाही. आणि ग्रीस लावलेला हात ब्रेक लायनरला लागू देऊ नका.

हे काम पहिल्या पाच-सहा वेळा जाणत्या मेकॅनिकसमोरच करा. यात कमीपणा नाही.

आता हिशोब बोलू

मजुरी किती घ्यायची, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. "शेजारचा घेतो तेवढी" हे उत्तर चुकीचं आहे. आपलं गणित आपण मांडायचं. उदाहरण घेऊ.

समजा दुकानाचं भाडं, वीज, मदतनिसाचा पगार आणि तुमचा स्वतःचा पगार धरून महिन्याचा खर्च ३०,००० रुपये आहे. हो, स्वतःचा पगार धरायचाच! महिन्यात २५ दिवस दुकान चालू. म्हणजे दिवसाला १,२०० रुपये. दुकान दहा तास उघडं असलं तरी प्रत्यक्ष पाना हातात असतो तो साधारण ५ तास, बाकी वेळ बोलण्यात, पार्ट आणण्यात जातो. म्हणजे कामाचा एक तास २४० रुपयांचा. मीटर बदलायला ४० मिनिटं लागली, तर १६० रुपये मजुरी ही तुमची फक्त बरोबरी झाली. नफा त्याच्या वर.

आता समजा मीटर नीट न तपासता लावला आणि गाडी परत आली. पुन्हा ४० मिनिटं, म्हणजे पुन्हा १६० रुपये, आणि हे गिऱ्हाइकाकडून मागता येत नाहीत. पहिल्या वेळची पाच मिनिटांची तपासणी म्हणजे हिशोबाने २० रुपये. २० रुपये वाचवायला १६० घालवायचे का, हे तुम्हीच ठरवा.

दुसरा मुद्दा माल भरण्याचा. सगळ्या मॉडेलचे मीटर आणून ठेवू नका. समजा मीटर ८०० रुपयांना पडतो आणि तुम्ही सहा भरले, तर ४,८०० रुपये फळीवर धूळ खात बसले. त्यापेक्षा १०० रुपयांच्या दहा केबल घ्या, १,००० रुपयांत काम होतं, आणि त्या लवकर खपतात. तुमच्या भागात कुठल्या गाड्या जास्त आहेत, हे आठवडाभर वहीत लिहा. त्यातल्या पहिल्या तीन-चार मॉडेलच्या केबल, वर्म आणि मीटरचे बल्ब एवढंच ठेवा. मीटर गिऱ्हाइकाकडून ॲडव्हान्स घेऊन मागवा.

कंपनीचा पार्ट आणि लोकल पार्ट, दोन्हीचे भाव समोर ठेवा. कशाला वॉरंटी आहे, कशाला नाही, तेही सांगा. निवड त्याची. आणि काढलेला जुना पार्ट त्याच्या हातात द्या. झिजलेला वर्म डोळ्यांनी बघितला की माणूस मजुरीवर घासाघीस कमी करतो, हा माझा अनुभव आहे.

"जरा आकडा कमी करून द्या ना"

ही मागणी तुमच्याकडे येणार, हे नक्की. कधी ओळखीचा माणूस असतो, कधी गाड्यांची खरेदी-विक्री करणारा. "तुमचं काय जातंय? शंभर-दोनशे जास्त घ्या." आकडा मागे फिरवून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि त्यात हात घालणारा मेकॅनिक त्यात सामील आहे. माझ्याकडचा असा एक माणूस नाही म्हटल्यावर गेला तो परत आला नाही. महिन्याला दोन-तीन गाड्या आणायचा. त्या महिन्यात मला ते जाणवलं, खोटं कशाला सांगू? पण गुरुजींसमोर दुसऱ्यांदा मान खाली घालायची माझी तयारी नव्हती.

नवीन मीटर शून्यापासून सुरू होतो, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते लपवणं. त्यासाठी आम्ही तीन ठिकाणी नोंद करतो:

बिलावर: तारीख, जुन्या मीटरचं रीडिंग, नव्या मीटरचं रीडिंग.

जॉब कार्डवर: तेच आकडे, गिऱ्हाइकाची सही, फोटो मोबाईलमध्ये जपून.

गाडीवर: सीटखाली किंवा टूल बॉक्सच्या झाकणाच्या आत एक छोटा स्टिकर, त्यावर तेच आकडे.

समजा जुना मीटर ६८,४१२ वर बंद झाला आणि नवा आज ३,१५० दाखवतो. तर गाडीची धाव ७१,५६२. साधी बेरीज. मीटर मध्ये काही महिने बंद होता असं गिऱ्हाईक म्हणालं, तर "खरी धाव यापेक्षा जास्त" असंही लिहा. आणि अनेक जुन्या मीटरवर किलोमीटरचे पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतात. तेव्हा वीस वर्षांच्या गाडीवर १२,००० दिसलं, तर लगेच खूश होऊ नका आणि लगेच संशयही घेऊ नका. आधी विचारा.

भंगारातून आणलेला जुना मीटर लावायचा असेल तर ही नोंद आणखी महत्त्वाची, कारण त्याच्यावरचा आकडा दुसऱ्याच गाडीचा असतो.

गिऱ्हाइकाला काय सांगाल?

"नंतर बघू" म्हणणाऱ्याला घाबरवू नका, समजावून सांगा. ऑईल किती किलोमीटरला बदलायचं, हे मीटरशिवाय कळत नाही. ऑईल उशिरा बदललं की इंजिनचं काम निघतं. गाडी लिटरला किती जाते, हेही कळत नाही. आमच्या दूधवाल्या काकांचा तर सगळा धंदा पेट्रोलच्या खर्चावर चालतो. शिवाय खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओमध्ये तपासणीला न्यावी लागते, तेव्हा मीटर चालू असलेला बरा. १५ वर्षांच्या आसपासची गाडी दुकानात आली की आम्ही आरसी बघून आठवण करून देतो. त्यातून ब्रेक, लाईट, हॉर्न अशी बाकीची कामंही निघतात, आणि ती जबरदस्तीने विकावी लागत नाहीत.

ते गुरुजी आता आमचं नेहमीचं गिऱ्हाईक आहेत. मागच्या वर्षी त्यांनी मुलासाठी जुनी गाडी बघितली, तेव्हा घ्यायच्या आधी ती माझ्याकडे घेऊन आले. मी सीट उचलली. आत आमच्याच दुकानाचा स्टिकर होता, जुन्या-नव्या आकड्यांसकट. त्यांनी तो वाचला, बेरीज केली आणि विकणाऱ्याशी त्या आकड्यावर भाव केला.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानाचं किंवा ठरवलेल्या दुकानाचं जॉब कार्ड कागदावर काढा. त्यात "जुनं रीडिंग" आणि "नवं रीडिंग" असे दोन रकाने पाहिजेतच. आणि वर सांगितल्याप्रमाणे तुमच्या एका तासाची किंमत काढा. पुढच्या व्हिडिओत आपण क्लच प्लेटच्या कामाचा असाच हिशोब मांडू.

काम नीट करा, लिहून ठेवा. भेटू लवकरच!